स्वयंपाकघरातून केलेला फोन

१४ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र फाडायचंच असेल तर शेवटी लिहिलेला फोन नंबर आधी उतरवून घे आणि मग फाड. नंबर यांचा आहे. माझ्या फोनवर धड ऐकू येत नाही, आणि तो चालतो आहे तोवर नवा घ्यायचा नाही असं माझं ठरलेलं आहे.

तू स्टुडिओतून तो फोटो फाडून निघून गेलीस त्यानंतर आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. यांनी त्या फोटोतला तुझ्या गालावरचा डाग न विचारता पुसला आणि वर "किती छान दुरुस्त केलाय बघा" असं म्हणाले. तू म्हणालीस, "माझा चेहरा तुमच्याकडे दुरुस्तीला टाकला नव्हता." मला दोघांचंही ऐकू येत होतं. मी आत पाकिटांवर नावं घालत होते. असो. त्याबद्दल लिहायला हे पत्र नाही.

हे आजारी आहेत. गेल्या वर्षी टाचेवर एक काळा ठिपका निघाला होता. चप्पल लागली असेल असं आम्ही धरलं. तो कातडीचा कर्करोग निघाला. टाचेचा तेवढा भाग काढला, मांडीची कातडी तिथे लावली, हे पुन्हा चालायला लागले, स्टुडिओ उघडायला लागले. मी देवापुढे रोज एक जप जास्त करत होते तो बंद केला, काम झालं म्हणून. तसं करायला नको होतं की काय, असं आता वाटतं.

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून "हनुवटी खाली, अजून खाली" म्हणता म्हणता यांच्या डाव्या हातातून कॅमेरा सुटला आणि हे त्याच्यामागून खाली गेले. फिट आली होती. स्कॅनमध्ये मेंदूत गाठी दिसल्या. टाचेवरचंच ते, तिथवर चढलेलं. फुप्फुसातही बारीक बारीक आहेत. डॉक्टरबाई तरुण आहेत पण घाई करत नाहीत. त्या म्हणाल्या, पूर्वी अशा वेळी आम्ही घरी न्यायला सांगायचो, आता तसं नाही. एक औषध सलाईनमधून देतात, त्यानं शरीराचे आपलेच शिपाई जागे होतात आणि गाठींना ओळखून मारतात. आणि डोक्याला किरणांचा नेमका शेक द्यायचा, जिथे गाठ तिथेच. सूज उतरायच्या गोळ्या चालू केल्या आहेत. त्यानं भूक फार लागते, चेहरा गोल झालाय.

बाकी ठीक. यांना जरा विसरायला होतं, एवढंच.

एक विचारते, राग मानू नकोस. तुझ्या गालावरचा डाग अजून आहे ना? एका ओळीचं उत्तर पाठवलंस तरी चालेल.

तुझी धाकटी


२६ नोव्हेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं, आणि अर्धवट लिहिलेलं मला झोंबत राहतं, म्हणून हे.

हे विसरत नाहीत काही. सगळं आठवतं. दुधवाल्याचं सुटं राहिलेलं आठवतं. फक्त मी त्यांना मी वाटत नाही.

सुरुवात अशी झाली. सकाळी चहा घेऊन गेले तर हे उठून नीट बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "मेव्हणीबाई, तुम्ही कधी आलात?"

मी मागे वळून पाहिलं. खरंच सांगते, दारात तू उभी असशील असं वाटलं.

"अहो, मी आहे."

"ते दिसतंय. ती कुठे आहे?"

"मीच ती."

"चहा ठेवा तिथे," म्हणाले. घेतला नाही.

तेव्हापासून मी तू आहे. मला अहोजाहो करतात. माझ्यासमोर कपडे बदलत नाहीत. मेव्हणी घरात असताना बरं दिसत नाही म्हणून बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून झोपतात. इतकी वर्षं माझ्याशी एवढ्या सभ्यपणे कधी वागले नव्हते, मी एकदा हसलेही त्यावर, तर म्हणाले, "हसणं मात्र अगदी तिच्यासारखं जमवलंय."

मग त्यांनी ते भिंग आणलं. निगेटिव्ह बघायचं, डोळ्याला लावायचं. मला खिडकीपाशी उभं केलं आणि माझा गाल पाहिला. किती वेळ पाहिला! बोटानं कातडी जरा ताणली, उजेडात फिरवली. त्यांचा श्वास गालावर येत होता. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "चांगलं काम केलंय. कड कुठेच सापडत नाही. कुणाकडून काढून घेतलात डाग?"

ताई, त्यांच्या डोक्यात मी म्हणजे डाग पुसलेली तू. त्यांनीच पुसलेली. आणि तू येऊन माझ्या जागी बसली आहेस, मला कुठेतरी नेऊन ठेवलं आहेस.

माझा एक जुना पासपोर्ट फोटो खिशात घेऊन फिरतात. तो माझ्या चेहऱ्याशेजारी धरतात. मी म्हटलं, "बघा, भुवई तीच, नाक तेच." तर म्हणाले, "सगळं तेच आहे. पण ती माझ्याकडे बघतेय. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघताय." रात्रंदिवस लोकांचे चेहरे पाहिलेला माणूस. मी न्हाणीघरात जाऊन आरशात पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही जरा शंका आली.

मेव्हणी म्हणून मला काय काय ऐकायला मिळतं! परवा म्हणाले, "तिला सांगू नका. टाचेवरचा ठिपका मला फार आधी दिसला होता. निगेटिव्ह खरवडायच्या पात्यानं मी तो खरवडून काढायचो. निघायचा. पुन्हा यायचा. तिला सांगितलं असतं तर कानाला धरून दवाखान्यात नेलं असतं." मी तिची बहीण म्हणून मान हलवली. मग आत जाऊन तिच्या वतीनं रडले.

मोठी अडचण अशी की शेकाला हे तयार नाहीत. "माझ्या बायकोला आणा, ती म्हणाली तर झोपतो त्या यंत्राखाली. तुमच्या सांगण्यावरून नाही. तुम्हाला मी तसाही नकोच आहे." भूल देऊन करावं तर फुप्फुसामुळे डॉक्टरबाई धजत नाहीत. आणि गाठी काही थांबून राहणार नाहीत.

काल एक गोष्ट घडली. मी औषधाच्या दुकानात रांगेत होते. कुठल्या गोळ्या संपल्या ते आठवेना, म्हणून माझ्या डबड्या फोनवरून यांना फोन लावला. मी नुसतं "अहो" म्हणाले, आणि पलीकडून यांचा पूर्वीचा आवाज आला.

"मुनीमबाई! कुठे आहात तुम्ही? किती दिवस झाले!"

मी हिशोब ठेवते म्हणून लग्न झाल्यापासून मला मुनीमबाई म्हणतात, तुला माहीत आहे. आजार झाल्यापासून तो शब्द ऐकला नव्हता. दुकानदार म्हणाला, "काकू, पुढे सरका." मला सरकता येईना.

तुझी धाकटी


९ डिसेंबर

ताई,

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. चेहरा ओळखणं एका ठिकाणी होतं आणि हे आपलं माणूस आहे असं आतून वाटणं दुसऱ्या ठिकाणी. मधली वाट सुजेनं आणि गाठीनं बंद झाली आहे. चेहरा तर तोच, पण आतून काहीच हलत नाही, मग मेंदू म्हणतो, ही नक्कल. आवाजाची वाट निराळी, ती उघडी आहे. समोर असले की डोळे कानांवर मात करतात. म्हणून फोन.

म्हणून आता मी रोज स्वयंपाकघरातून यांना फोन करते. ते बाहेरच्या खोलीत, मी ओट्यापाशी, मध्ये एक भिंत. घरातल्या घरात बोलायला पैसे जातात हे एरवी मी कुणाचं ऐकून घेतलं नसतं. दार लोटून घेते, कुकरची शिटी होईपर्यंत थांबते, मग लावते. बाहेर वाजतो. घेतात. गोळ्या घ्या म्हटलं की घेतात. जेवा म्हटलं की ताट ओढून घेतात, मी वाढलेलं, माझ्याकडे न बघता.

आधी मला वाटलं, हे पाप आहे. मग देवापुढे बसून विचार केला. फोनवर मी माझंच नाव सांगते, माझ्याच मनातलं बोलते. खोटी तर मी समोर असताना ठरते. देव यातलं काय कुठल्या बाजूला मांडेल ते त्याचं त्याला माहीत.

पण भीती वाटते, ताई. परवा बोलता बोलता यांनी एकदम आवाज खाली आणला. "हळू बोल. ती स्वयंपाकघरात आहे."

"काय करते आहे?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"दार लावून घेते आणि आत कुणाशी तरी बोलत असते. कान दिला मी. तुझा आवाज काढायला शिकतेय."

माझ्या हातातला फोन ओला झाला होता. दाराच्या फटीतून मला त्यांची सावली दिसली, इतके जवळ येऊन उभे होते.

शेकाचं मात्र मी फोनवरून सांगितल्यावर मार्गी लागलं. आधी मुखवटा करतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबतात, ती गार झाली की चेहऱ्याचा साचा होतो. शेकाच्या वेळी तो साचा तोंडावर बसवून टेबलाला अडकवतात, म्हणजे केसभरही हलता येत नाही. गाठी जास्त म्हणून दोन टप्प्यांत करायचं, मध्ये दोन आठवडे सोडून. खोलीत पेशंट एकटा. बाहेर काचेआड मशीनवाल्या बाई, त्यांच्यासमोर पडदा आणि आत बोलायचा माइक. मी त्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इथे रोज शंभर तऱ्हा बघते मी, काकू. एक जण माझ्याकडे सिगारेट मागतो मास्कमधून. बसा इथे, बोला." मला त्यांनी स्टूल दिलं. मी माइकमधून म्हणाले, "अहो, मी बाहेर आहे. डोळे मिटा." पडद्यावर यांचे हात सैल पडलेले दिसले. पहिला टप्पा झाला.

आता मुद्द्याचं. गुरुवारी दुपारी मी पाणी भरायला खाली गेले होते. परत आले तर हे हसत होते. संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून फोन केला तर म्हणाले, "दुपारी कपाटाची गोष्ट किती छान सांगितलीस. पुन्हा सांग."

मी दुपारी फोन केला नव्हता.

"कुठली कपाटाची?"

"तीच की. दोघी कपड्यांच्या कपाटात लपायचात, आणि ती गाणं म्हणायला लागायची म्हणून तू तिच्या तोंडावर हात दाबून धरायचीस."

ताई, गाणं म्हणणारी मी होते. हात तुझा होता.

आपला आवाज सारखा आहे हे मी विसरूनच गेले होते. लहानपणी बाबासुद्धा फोनवर फसायचे. मी यांच्या फोनमध्ये तुझा नंबर पाहिला आणि कागदावर उतरवून ठेवला. रागावू की काय करू, कळेना. मला पत्राचं उत्तर नाही, आणि यांना मी होऊन गोष्टी सांगतेस? आता मी दोन ठिकाणी आहे, फोनच्या या टोकाला आणि त्या टोकाला, आणि घरात मात्र कुठेच नाही.

पण त्या दिवशी यांनी न सांगता गोळ्या घेतल्या. एवढं खरं.

तुझी धाकटी


१८ डिसेंबर

ताई,

हे कुरियरने पाठवते आहे. पैसे गेले तर गेले.

माझा आवाज गेला. साधा घसा बसला असं वाटलं, गुळण्या केल्या. आता तोंड उघडलं की नुसती हवा येते. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, आवाजाच्या दोऱ्या सुजल्या आहेत म्हणाले, बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, वेळ लागेल. मी कधीपर्यंत, असं पाटीवर लिहून विचारलं तर "घाई केलीत तर कायमचा बसेल" म्हणाले.

आणि चोवीस तारखेला शेकाचा दुसरा टप्पा आहे. तो चुकला तर पहिल्याचा फारसा उपयोग नाही असं डॉक्टरबाई म्हणतात. मोठी गाठ याच टप्प्यात आहे, वाट अडवून बसलेली ती.

तुझे फोन येतात हे मला कळतं. यांच्या चेहऱ्यावर कळतं. मी दुसऱ्या खोलीत बसून हे हसतात ते ऐकते. आता तक्रार नाही.

चोवीसला सकाळी अकरा वाजता माझ्या फोनवर फोन कर. नंबर खाली लिहिला आहे. मी तो स्पीकर लावून माइकपाशी धरीन, तसं नीट ऐकू येतं. तू बोल. आत हे असतील, तोंडावर जाळी, आणि त्यांना मी बाहेर असायला हवी आहे.

यात पाप असलं तर ते माझ्या बाजूला धर, तुझ्या नको. मी मागते आहे, तू फक्त देते आहेस.

तुझी धाकटी


२७ डिसेंबर

ताई,

तुला आवाज ऐकू आले असतील, दिसलं काही नसेल. तुझ्या बाजूचं तुला माहीत, माझ्या बाजूचं सांगते.

अकराला फोन वाजला तेव्हा मी इतक्या घाईनं बटण दाबलं की कट होता होता राहिला. मशीनवाल्या बाईंनी माइक खाली केला, मी फोन त्याला टेकवून धरला, दोन्ही हातांनी. तू म्हणालीस, "अहो, मी आले आहे बाहेर." मशीनवाल्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं होतं. त्यांनी स्वतःची खुर्ची जरा मागे सरकवली.

पडद्यावर हे, पांढऱ्या जाळीखाली. सूज आल्यामुळे मुखवटा आता घट्ट होतो, गालाचं मांस जाळीच्या भोकाभोकांतून वर आलेलं. जेमतेम ओठ हलतात. तरी बोललेच.

"ती बाहेर आहे का? तुझी बहीण?"

"नाही," तू म्हणालीस. "मी आहे."

"तिला मी कधी सॉरी म्हणालो नाही. फोटोचं. ती अजून रागावली असेल का गं?"

माझ्या हातात फोन, आणि त्यातून नुसता तुझ्या खोलीचा आवाज, कुठेतरी नळ गळत होता. मशीनवाल्या बाईंनी बोट वर केलं, सुरू करू का म्हणून. मला तुझ्याऐवजी बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं मी, हवा आली.

मग तू म्हणालीस, "असेल. पण तुम्ही हलू नका."

ते हलले नाहीत. यंत्र त्यांच्याभोवती फिरलं, थांबलं, फिरलं. तू अधूनमधून "आहे मी" म्हणत राहिलीस. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं की मी खरंच कुठेतरी दुसरीकडे आहे, गळक्या नळाच्या खोलीत, आणि इथे कुणीतरी माझी साडी नेसून फोन धरून उभं आहे.

ते उत्तर तू माझ्या वतीनं दिलंस की तुझ्या? मला सांगायला हवं असं नाही.

तुझी धाकटी


१९ जानेवारी

ताई,

स्कॅन आला. मोठी गाठ निम्म्याहून कमी झाली आहे. दोन दिसतच नाहीत. एक बारीकशी नवी आहे, पण डॉक्टरबाई म्हणतात, सलाईन तिच्यावर काम करेल, ते चुकवायचं नाही. सूज उतरली. चेहरा पुन्हा लांबट दिसायला लागला.

आणि गेल्या सोमवारी सकाळी यांनी चष्मा लावला, चहा घेऊन आलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुनीमबाई! कधी आलात?"

माझ्या हातून बशी निसटली. मी एवढी हरखले की सगळं विसरून "आत्ताच" म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, घोगरा, फाटका, दार घासल्यासारखा आवाज तेवढा एकदाच निघाला, मग पुन्हा नुसती हवा. यांनी माझा हात धरला होता तो सोडला.

"चेहरा तिचाच आहे," म्हणाले. "पण बोलतंय कोण?"

मी मान हलवली, घशाकडे बोट दाखवलं, पाटीवर लिहिलं. वाचलं त्यांनी. "ती लिहिते तसंच आहे," म्हणाले. "पण तोंड उघडू नकोस. उघडलंस की दुसरंच कुणीतरी दिसतं आत."

तेव्हापासून मी मुकी आहे. हे माझ्याजवळ बसतात, माझा हात हातात घेतात, इतक्या दिवसांनी. रात्री सतरंजी आत आणली. आणि तुझा फोन आला की माझा हात तसाच धरून तुझ्याशी बोलतात, "मुनीमबाई" म्हणून. मी समोर असते. दोघींपैकी एक जास्त आहे हे त्यांना खटकत नाही. मला खटकतं.

पण काल सलाईन होतं, आणि त्याआधी त्यांनी हट्ट धरला. "तू स्वतः सांग. लिहून नको. फोनवरून नको. माझ्याकडे बघून तोंडानं सांग, तरच येतो." म्हणून मी तुला तशी चिठ्ठी पाठवली. तू लगेच हो म्हणालीस, चिठ्ठीत दिलेल्या औषधवाल्याच्या नंबरावर निरोप ठेवलास. तू केलंस ते तुला माहीत आहे. आता खोलीत काय झालं ते ऐक.

परवा दुपारी मी यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. माझा फोन पदराखाली, छातीशी, आवाज मोठा करून. तू सुरू केलंस आणि मी ओठ हलवायला लागले. आधी मी मागे पडत होते. तू "अहो" म्हणून पुढे गेलीस तरी माझा "अ" चालला होता. हे बारकाईनं बघत होते, गिऱ्हाइकाचा फोटो काढताना बघतात तसं. मग मला तुझी लय सापडली. तू म्हणालीस, "सुई एकदाच टोचतील." तू म्हणालीस, "मी शेजारी बसेन." मला पुढचा शब्द आधीच कळायला लागला. तू म्हणालीस, घरी आलो की स्टुडिओचं शटर उघडू, धूळ झाडू, आधी माझाच फोटो काढा. मग म्हणालीस, "आणि या वेळी काही पुसू नका. जे आहे ते राहू द्या." मग म्हणालीस, "मला भीती वाटते तुमच्याशिवाय."

यांचे डोळे भरले. "बरं," म्हणाले. "येतो." आणि माझ्या गालाला हात लावला, नुसता, काही न शोधता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले, तुला धन्यवाद म्हणून फोनवर बोटानं टकटक करावी म्हणून तो काढला. फोन बंद होता, ताई. संपलेला. बटण दाबलं तरी उजेड नाही. नुसता बंद नव्हता, गार होता. बोलून झालेला फोन कानाला ऊन लागतो, तो गार होता. केव्हाच संपला असणार.

मी देवापुढे उभी राहिले आणि त्याचं नाव घेऊन पाहिलं. नुसती हवा आली. पुन्हा घेतलं. हवा. अजूनही तेच आहे. घशाचे डॉक्टर म्हणतात अजून महिना.

यांना मी विचारणार नाही. काल सलाईन झालं, हात स्वतःहून पुढे केला त्यांनी, नर्सबाईंना म्हणाले, "आमच्या मुनीमबाईंनी सांगितलंय, एकदाच टोचायची." तेवढ्यावर मी सुखी आहे. त्यांचं मला आणखी काही नको.

पण मला जमाखर्च जुळल्याशिवाय झोप येत नाही. तू शेवटचं वाक्य कोणतं बोललीस ते कळव. सुईचं? शटरचं? पुसू नका, ते तू म्हणालीस, की तोवर फोन गेला होता? त्याच्यानंतरचं, भीतीचं, ते कुणाचं?

फोनवर सांगू नकोस. पत्र लिही, तुझ्या हातानं, तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर. म्हणजे सांगणारी तूच आहेस हे मला ओळखता येईल.

तुझी धाकटी